पोरगी कोणत्या गावची?

दिल्लीत शिकताना वाटायचं, घटसर्पाशी लढायचं म्हणजे जंतूशी लढायचं. गोंदियात साथरोग अधिकारी म्हणून रुजू झाले आणि कळलं, आधी ‘निरंक’शी लढायचं आहे. निरंक म्हणजे ‘या आठवड्यात रुग्ण नाही’. रुग्ण कळवलाच नाही, तर त्याच्याजवळ खेळलेल्या मुलांना औषध आणि लस वेळेत पोचत नाही. एवढी साधी गोष्ट! पण आठवड्याचे अहवाल गोळा करायला बसलं, की रुग्णांपेक्षा किस्सेच जास्त निघतात.

*

एका सिस्टरने या आठवड्याबरोबर पुढच्या आठवड्याचाही निरंक पाठवला. मी फोन केला, “सिस्टर, पुढचा आठवडा अजून यायचा आहे!”

“हो मॅडम, पण मी लग्नाले बालाघाटला जाऊन राहिली ना!”

*

नवेगाव बांधहून घशाचा नमुना थंड डब्यात पाठवायचा होता. लाईट गेलेली, बर्फाच्या पिशव्या गोठलेल्या नाहीत. आमच्या ड्रायव्हरने बांधावरच्या मासेवाल्याकडून बर्फ भरून घेतला.

प्रयोगशाळेतून फोन आला, “मॅडम, घसा माणसाचाच आहे ना?”

*

शहरातल्या एका डॉक्टरांना मी समजावलं, घटसर्पाचा नुसता संशय आला तरी कळवा. त्यांनी चहा पाजला, सगळं मान्य केलं.

“तो फिर सर, रिपोर्ट क्यों नहीं आती?”

“मैडम, ‘गला खराब’ लिखता हूँ तो पेशंट आता है. ‘डिप्थीरिया’ लिखूँगा तो आप आओगे!”

*

सौंदडजवळच्या शाळेत लसीच्या दिवशी वर्ग रिकामे. “मुलं काऊन आली नाहीत?” गुरुजी म्हणाले, “तुमची गाडी दिसली ना जी!”

आता आम्ही गाडी राईस मिलमागे उभी करतो.

*

आठवीतली रोशनी मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या नाटकाच्या जत्रेसाठी, मामाच्या गावी आली आणि तिच्या घशात राखाडी पापुद्रा धरला. गोंदियाला भरती केलं, इंजेक्शन सुरू झालं. अहवालात फक्त गाव लिहायचं राहिलं.

मामाच्या गावचे सरपंच दवाखान्यातच आले. “पोरगी आमची नाही जी, पाहुणी आहे. रविवारी मंडई. गावाचं नाव निघालं तं नाटक पाहाले कोण येईन?”

तिच्या गावच्या सरपंचांचा फोन आला, “इथून तं चांगली गेली होती. बिमार तिकडं पडली. आमचं नाव कायले लिहिता?”

आमच्या जिल्हा कार्यालयातले साहेब म्हणाले, “त्या दोघांचं ठरू दे. सोमवारी पाठव.”

सोमवारी! तोवर दोन्ही गावांतली पोरं, आणि मंडईला आलेले घरोघरचे पाहुणे?

रोशनीची आई खाटेशी बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “बाई, कोनाच्याच गावची नसन, तं माह्या नावानं लिहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अहवालात दोन्ही गावं लिहिली, दोन्हीकडे टीम पाठवली, आणि लसीचं एक टेबल मंडईत मांडायला सांगितलं. नाटकाच्या तिकीट खिडकीला लागून.