हिल्काने सौनात काय सांगितलं

उत्तरेकडच्या काइनू प्रांतातल्या एका गावात काळा पाव खावा तर हिल्का राउतियोच्या भट्टीचा. पिठाची गोणी ती एकटी खांद्यावर घ्यायची. पण धाकट्या आर्वोच्या वेळी चिमटे लावून मूल काढावं लागलं आणि तेव्हापासून तिचं काहीतरी बिनसलं. शौचाला बसलं की पोट साफच होईना. योनीत बोट घालून मागची भिंत दाबली, तरच सुटका. नवऱ्यालाही तिने हे सांगितलं नाही. शनिवारी बायकांच्या सौनात, म्हणजे सगळ्यांच्या वाफेच्या न्हाणीत, जाणंच सोडलं.

नणंद सिल्वी एकदा थेट भट्टीवर आली. "वहिनी, आमच्या अंगाला वास येतो का गं? सौनात फिरकत नाहीस ती!"

हिल्का हसायला गेली आणि रडूच कोसळलं. सगळं ऐकून सिल्वीने तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मार्केत्ताने तपासलं. मग दोन्ही तळवे जोडून दाखवले. "बाईच्या गुदाशयापुढे लगेच योनी असते. मध्ये एवढा पातळ पडदा. बाळंतपणात तो सैल झाला की गुदाशय पुढे फुगतो आणि मळ त्या खोलगट जागेत अडकतो."

"म्हणजे मी काही चुकीचं केलं नाही?"

"मूल जन्माला घातलंत, एवढंच केलंत!"

आधी व्यायाम झाले. तेवढ्याने भागेना, तेव्हा टाके घालून पडदा सावरला. गोण्या उचलायला बंदी आली. नवरा ताउनो कणीक मळू लागला, आणि पाव दगडासारखा लागतो म्हणून गावाने त्याचं डोकं खाल्लं.

बरी झाल्यावर हिल्का सौनात गेली. वाफेत बसून तिने सगळं सांगून टाकलं, बोटासकट. मग वरच्या फळीवरून म्हातारी इम्पी म्हणाली, "अगं बाई! मला वाटायचं, हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" सिल्वी म्हणाली.

"तू विचारलंस कधी?"

सगळ्या खो खो हसल्या. पुढच्याच आठवड्यात इम्पी दवाखान्यात गेली. तिला योनीत बसवायच्या, पडद्याला आधार देणाऱ्या कडीनेच आराम पडला. तिच्यामागोमाग आणखी दोघी गेल्या.

मार्केत्ताने मग हिल्काला गरोदर बायकांशी बोलायला बोलावलं. हिल्का ठेवणीतला निळा झगा घालून गेली. 'गुदाशय' हा शब्द तिने खणखणीत आवाजात उच्चारला. समोरच्या मुली लाजल्या. ती नाही लाजली. मागे उभी राहून सिल्वी शेजारणीला सांगत होती, "ही आमची वहिनी बरं का!"