प्रतिज्ञार्थी सशक्त आहे

जिल्हाधिकारी कचेरीच्या कुंपणाबाहेर, गुलमोहराच्या सावलीत, माझी बैठक आहे. काही लोक तिला टपरी म्हणतात. अशा लोकांशी मी वाद घालत नाही. नववीच्या वर्गाने आणि मी परस्परसंमतीने एकमेकांचा निरोप घेतला, त्यास आता बराच काळ लोटला. परंतु तेव्हापासून अनेक पदवीधर माझ्यासमोरच्या बाकावर येऊन, "जरा सरकारला कळेल असं लिहून द्या," अशी विनंती करीत आले आहेत. पदवी आणि सरकार यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्या काठावर माझा संसार उभा आहे.

आमच्या व्यवसायाचे एक तत्त्व आहे. सरकारसमोर धडधाकट माणसाने कधीही उभे राहू नये. धडधाकट माणूस कचेरीला दिसत नाही. तिथे नजर पडते ती केवळ दीन, दुर्बल आणि खंगलेल्या व्यक्तीवर. म्हणून माझ्या बाकावर बसलेला माणूस कसाही असो, अर्जात तो जर्जरच होतो. नांदगावच्या बाजारातील एक व्यापारी माझ्याकडे गाळ्याचा अर्ज लिहून घेण्यास आला होता. तो बसला तेव्हा बाकाने आवाज केला. त्याला मी 'अस्थिपंजर' लिहिले. गाळा मंजूर झाला. तो पेढे घेऊन आला आणि त्यातले निम्मे त्यानेच खाल्ले.

हे सर्व सांगण्याचे कारण माझी धाकटी बहीण होय.

नव्वदचे दशक संपत आले होते. शहरातील एका धर्मादाय संस्थेची रुग्णवाहिका होती आणि बहीण त्या गाडीवर काम करीत असे. बाईमाणूस रुग्णवाहिकेवर घेण्याची संस्थेची मुळीच इच्छा नव्हती. परंतु गाडी त्र्यंबकेश्वराच्या पुढे, हरसूलच्या डोंगराळ भागात अडलेल्या बाळंतिणींना आणायला जाई आणि तिथल्या सासवा पुरुष मदतनिसाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. गाडी दारात उभी, बाळंतीण घरात आणि मदतनीस अंगणात, असा प्रकार वारंवार घडू लागला. तेव्हा विश्वस्तांना स्त्रीशक्तीचे महत्त्व पटले. बहिणीला प्रथमोपचाराचे शिक्षण देण्यात आले, एक प्रशस्तिपत्रक देण्यात आले आणि एक पांढरा कोट देण्यात आला, जो आधीच्या मदतनिसाच्या मापाचा होता.

तिच्या पदाचे नाव मात्र शेवटपर्यंत ठरले नाही. हजेरीपटावर ती 'मदतनीस' होती. खेड्यात तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणत. आणि इस्पितळाच्या दारात पोहोचताच ती 'ॲम्ब्युलन्सवाली' होई. एका फेरीत तिची एवढी पदोन्नती आणि पदावनती होत असे, जेवढी आमच्या कचेरीतील कारकुनाची उभ्या नोकरीत होत नाही.

खेड्यात तिचा अधिकार मी स्वतः एकदा पाहिला आहे. एका सरपंचाच्या भावाला झाडावरून पडून मार लागला होता आणि सरपंच भोवती फिरत आदेश देत होते. बहीण म्हणाली, "सरपंच, पायाकडून धरा. आणि बोलू नका, हलतं." सरपंचांनी पाय धरले. बोलणेही थांबवले. ग्रामसभेला जे साधले नव्हते, ते तिथे साधले.

परंतु तिचे दुःख इस्पितळाच्या दारात होते. रुग्णाला आत नेत, दार मिटे आणि चालक गाडी धुवायला घेई. पुढे काय झाले, हे तिला कळत नसे. एकदा हरसूलकडची साप चावलेली एक तरुण बाई तिने आणली. सबंध घाटभर त्या बाईने तिचे मनगट धरून ठेवले होते. नंतर पुन्हा त्या इस्पितळात जाणे झाले तेव्हा बहीण आत चौकशीला गेली. खाटेवर दुसरेच कोणी होते.

"तुम्ही नातेवाईक का?" टेबलावरच्या गृहस्थांनी विचारले.

"नाही. मी घेऊन आले होते त्यांना."

"मग झालं ना तुमचं काम. आता कशाला हवंय?"

ती घरी आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "दादा, मला नर्सिंगला जायचंय."

मी म्हणालो, "तू तर दवाखान्यातच असतेस की."

"मी दारात असते. मला आत जायचंय. बारावी झालीये माझी, यंदा वयात बसते. पुढच्या वर्षी नाही बसणार."

आमचे घर मखमलाबादकडचे, फुलांचे. पहाटे झेंडू तोडून पंचवटीच्या बाजारात न्यायचा, हा आमचा वंशपरंपरागत उद्योग. टोपल्या वाहून बहिणीचे खांदे असे झाले होते की लग्नासाठी तिला पाहायला आलेली मंडळी थोडी दबकून बसत. ही मुलगी या वयात वसतिगृहात राहून शिकणार, याचे आईला आश्चर्य वाटले. मला वाटले नाही. मला केवळ अर्जाची चिंता होती.

"मीच लिहिते की," ती म्हणाली. "चार ओळींचा तर अर्ज."

अर्जनवीसाच्या सख्ख्या बहिणीने स्वहस्ते अर्ज लिहिणे म्हणजे हलवायाच्या घरी बाहेरून पेढे मागवण्यासारखे होते. कुंपणाबाहेर माझी काय प्रतिष्ठा राहिली असती? मी तिला सही करण्यापुरतेच कष्ट दिले. ती फेरीवर निघाली होती, चालक भोंगा वाजवीत होता. तिने न वाचताच सही केली. त्या अर्जातील एक वाक्य मला आजही मुखोद्गत आहे: "अर्जदार ही निराधार, कृश प्रकृतीची, सततच्या कष्टांनी खंगलेली व वृद्ध मातेच्या काळजीने झुरणारी अबला असून, मायबाप संस्थेने पदरात घेतल्याविना तिला तरणोपाय नाही." याहून सुडौल वाक्य मी क्वचितच लिहिले असेल.

मुलाखतीस नर्सिंग शाळेच्या प्राचार्या, एक डॉक्टर आणि एक लिपिक असे तिघे बसले होते. तिथे जे घडले ते बहिणीने मला नंतर सांगितले. सांगताना तिने माझे चहाचे दोन्ही पेले जोरात आपटले, हेही नमूद करतो.

प्राचार्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिले. "तुम्ही निराधार आहात?"

"नाही मॅडम."

"खंगलेल्या?"

"नाही."

"मग हे कोणी लिहिलंय?"

"भावाने."

"म्हणजे भाऊ आहे."

"आहे ना. चांगला जाडजूड आहे."

डॉक्टरांना हसू आवरेना. प्राचार्यांनी तिला घाटातील बाळंतपणांविषयी बरेच काही विचारले आणि त्यांचे समाधान झाले. परंतु लिपिकाचे झाले नाही. त्या गृहस्थांना मी कधी भेटलो नाही, तरी त्यांच्याविषयी मला आदर आहे, कारण माझे लिखाण अक्षरशः खरे मानणारा वाचक मला आयुष्यात तेवढा एकच लाभला. ते म्हणाले, "मॅडम, नियमात 'शारीरिकदृष्ट्या सक्षम' असं आहे. आणि उमेदवाराने सहीनिशी लिहून दिलंय की मी कृश आहे."

डॉक्टर म्हणाले, "अहो, समोर बसल्यात. बघा ना. मी आत्ता तपासून देतो."

"तुमचं मत वैद्यकीय झालं, सर. फायलीत उमेदवाराचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणणं त्यांनीच खोडायला पाहिजे. प्रतिज्ञापत्र आणा. आज खिडकी बंद व्हायच्या आत. उद्या यादी लागते."

दुपारी रुग्णवाहिका कचेरीच्या फाटकाशी येऊन थांबली. लोक आपोआप बाजूला झाले. चालक मनमाडकडचा, तो खाली उतरून मागचे दार उघडू लागला. "ताई, पेशंट कोन हाय?"

"हा," बहीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

माझ्यासमोर त्या वेळी घरकुलाच्या अर्जासाठी आलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्यादेखत तिने सगळी हकिकत सांगितली. "निराधार, दादा? तू जिवंत आहेस की नाही?"

मी शांतपणे म्हणालो, "ती लेखनपद्धती आहे. बैस. प्रतिज्ञापत्र मी लिहितो. 'कृश' हा शब्द मानसिक अर्थाने वापरला असून 'खंगलेली' यातून विद्येची तळमळ सूचित होते, असा खुलासा करू. एकही शब्द मागे न घेता..."

ती पुढचे ऐकायला थांबली नाही. ती रस्ता ओलांडून टंकलेखकाकडे गेली.

इथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. फाटकाच्या पलीकडे एक टंकलेखक बसतो. त्याच्याकडे यंत्र आहे. माझ्याकडे शैली आहे. एकाचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जात नाही, हा फाटकावरचा अलिखित कायदा आहे. कुणाचा भाऊबंद दुसऱ्याच्या बाकावर बसला, असे तर कधीच घडले नव्हते. आणि आता माझी सख्खी बहीण तिथे बसून, माझ्या वाक्याचा एकेक शब्द खोटा असल्याचे शपथेवर सांगत होती, आणि तो नतद्रष्ट प्रत्येक ओळ रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून दाखवीत होता.

"'प्रतिज्ञार्थी सशक्त आहे.' बरोबर? पुढे काय, ताई?"

"खंगलेली नाही."

"'खंगलेली नाही.' झुरणारी?"

"झुरत नाही. रात्री झोपते मी."

"झोपेचं नको, ते कोर्टाला लागत नाही. निराधार नाही, हे टाकतो. मग आधार कोणाचा लिहू?"

"माझा मीच."

"वा!" तो यंत्र थांबवून माझ्याकडे पाहत म्हणाला. "ऐकलंत का साहित्यिक? इतक्या थोडक्यात होतं."

माझ्यासमोरचे वृद्ध गृहस्थ मान वळवून सारे पाहत होते. मी त्यांना म्हणालो, "इकडे लक्ष द्या. आपल्याला दमा आहे ना?"

"नाय बा," ते म्हणाले. "आणि लिवू बी नका."

प्रतिज्ञापत्र तयार झाले. मग अडचण निघाली. नोटरीसमोर प्रतिज्ञार्थीची ओळख पटवणारा, नोटरीच्या माहितीतला माणूस हवा होता. वकील मंडळी जेवायला गेली होती. टंकलेखक नोटरीशी नुकताच भांडून आला होता, त्यामुळे त्याची ओळख चालणार नव्हती. त्या क्षणी नोटरीसाहेब ज्याला ओळखतात असा एकच इसम रस्त्यावर उपस्थित होता आणि तो मी होतो.

"दादाच देईल ओळख," बहीण म्हणाली.

मी रस्ता ओलांडला. रस्ता अरुंद आहे; त्या दिवशी तो तसा वाटला नाही. कागद वाचला. खाली लिहिले होते: "मी प्रतिज्ञार्थीस व्यक्तिशः ओळखतो व वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे." म्हणजे मला केवळ बहिणीची ओळख पटवायची नव्हती; माझे सर्वोत्तम वाक्य खोटे असल्याची साक्षही द्यायची होती, आणि तीही टंकलेखकाच्या कागदावर.

"दुसरा भाग वगळा," मी म्हणालो. "ओळखतो, एवढे पुरे."

"छापील पद्धत आहे," टंकलेखक म्हणाला. "तुम्हाला पद्धत ठाऊक आहेच की."

बहिणीने विनवणी केली नाही. ती पहाटेच हरसूलहून एक बाळंतीण घेऊन आली होती, तशीच मुलाखतीला गेली होती. तिच्या सलवारीवर तिथली लाल माती वाळून पोपडे धरीत होती. ती फक्त म्हणाली, "दादा, खिडकी बंद होईल."

मी वरील मजकूर पुन्हा एकदा वाचला. सशक्त. खंगलेली नाही. निराधार नाही. भाषा अत्यंत रुक्ष होती आणि त्यात खोटे असे काहीही नव्हते. मी सही केली. पूर्ण सही, खाली दुहेरी रेघ आणि 'अर्जनवीस' हे पदनामही. जे करायचे ते नीट करावे.

भोंगा वाजवीत गाडी निघाली. आत रुग्ण नसताना भोंगा वाजवणे नियमबाह्य आहे, परंतु तक्रारअर्ज लिहिणारा मीच असल्यामुळे तो प्रश्न उपस्थित झाला नाही. खिडकी बंद होण्यापूर्वी कागद पोहोचला आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत तिचे नाव होते. प्राचार्यांना शेकडो अर्जांतून तिचाच चेहरा लक्षात राहिला तो कोणाच्या वाक्यामुळे, हा मुद्दा मी घरात मांडून पाहिला. आईने माझ्या हातात झेंडूची टोपली दिली.

पुढे शाळेत तिला पहिल्यांदा काय शिकवले असेल, तर चादर घालणे. जिने धावत्या गाडीत नाळ बांधली होती, तिची चादरीच्या कोपऱ्यांवरून परीक्षा झाली आणि ती नापास झाली. घाटात जो निर्णय वळण संपायच्या आत घ्यावा लागे, त्याहून साध्या गोष्टीसाठीही इथे डॉक्टरांच्या लेखी आदेशाची वाट पाहावी लागे. कोवळ्या वयाचे शिकाऊ डॉक्टर आले की ती उभी राही. सरपंचाला गप्प करणारी माझी बहीण "येस सर" म्हणे. पांढरा पोशाख मात्र या वेळी तिच्या मापाचा होता.

एका रविवारी मी घरचे गुलाब घेऊन भेटायला गेलो. वॉर्डात फुलांना मनाई असल्याचे दारातच समजले. बहीण बाहेर आली तेव्हा थकलेली दिसली. मी खिशातले पेन काढले.

"त्रास होत असेल तर सांग. संचालकांकडे असा अर्ज करतो की..."

"खबरदार!" ती म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "दादा, तुला खरं सांगू? इथे तोच पेशंट दुसऱ्या दिवशी पण असतो. तिसऱ्या दिवशीही असतो. बरा व्हायला लागला की भांडतोसुद्धा."

आतून एका म्हातारीचा आवाज आला, "ए बाई, गेली कुठं? काल येनी लय घट्ट घातली तू, सारी रात डोकं ठणकलं माझं. ये, सोडून परत घाल!"

"आले, आजी," बहीण म्हणाली आणि मला तिथेच उभे ठेवून आत गेली.