सोनपेठच्या शाळेतलं डॉस

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच ओळ होती. सिस्टीम डिस्क नाही, ती घाला आणि कुठलंही बटन दाबा. शाळेच्या क्लार्क कांताबाईंनी सकाळपासून बटन किती वेळा दाबलं होतं, हे त्यांनाच माहीत. मी परभणीहून पहिल्या एसटीनं सोनपेठला आलो होतो. खिशात माझी नेहमीची फ्लॉपी होती. दहा मिनिटांत काम उरकून अकराची गाडी धरायची, असा माझा हिशोब होता.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. मी परभणीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळलो होतो. जिल्ह्यात तेव्हा कॉम्प्युटर बोटांवर मोजावेत इतकेच होते. त्यातले अकरा मी बसवलेले.

डॉस म्हणजे काय, ते आधी सांगतो. मशीन नुसतं चालू केलं तर त्याला काहीच करता येत नाही. कीबोर्डवर काय टाइप झालं, फाईल डिस्कवर कुठं ठेवली, ती परत कशी काढायची, ही कामं सांभाळणारा एक मूळ प्रोग्रॅम लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. त्या काळात ती डॉस असायची. खरं तर ती विकत घ्यायची वस्तू. पण आमच्याकडे ती कुणी विकत घेत नव्हतं. औरंगाबादच्या एका मित्राकडून मी एक फ्लॉपी कॉपी करून आणली होती. तीच प्रत्येक मशीनला लावायचो. गिऱ्हाईक विचारायचं नाही, मी सांगायचो नाही.

शाळेला हे मशीन मुंबईत नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं भेट दिलं होतं, बसवलं मी. हेडमास्तर सोनकांबळे सरांनी त्याचं काम आधीच ठरवलं होतं. शाळेकडे निजामाच्या काळातली तीन दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदी होत्या. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं उर्दूत. तेही शिकस्ता लिपीत, म्हणजे घाईघाईनं मोडून लिहिलेल्या उर्दूत. तारखा फसली सनाच्या, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेतल्या. लोक वयाच्या, जातीच्या दाखल्यासाठी यायचे आणि शाळेत ते वाचणारं कुणी नव्हतं.

वाचणारा गावात एकच माणूस होता. मोईनसाब. तहसीलमधून पेशकार, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे कारकून म्हणून रिटायर झालेले. पाच महिने ते रोज दुपारी शाळेत यायचे. भिंग धरून एकेक ओळ वाचायचे, तारीख इंग्रजी सनात करून सांगायचे आणि कांताबाई टाइप करायच्या. मराठी अक्षरं उमटवायला मशीनमध्ये जे कार्ड बसवावं लागे ते शाळेला झेपणारं नव्हतं, म्हणून नावं इंग्रजी लिपीत. साधारण साडेअठराशे नावं झाली होती.

मी फ्लॉपी घातली. मशीन सुरू झालं. मग सी ड्राइव्ह, म्हणजे आतली हार्डडिस्क उघडायला गेलो, तर असा ड्राइव्हच नाही असं उत्तर आलं. अशा वेळी मी सरळ फॉर्मॅटची कमांड द्यायचो. हात तिकडे गेलासुद्धा होता.

सोनकांबळे सर मागंच उभे होते. त्यांनी फॉर्मॅट म्हणजे काय ते विचारलं. पाटी पुसून नवी करायची, असं मी म्हणालो.

"मग लिहिलेलं?"

"ते जातं, सर. पण बॅकअप असेल ना."

बॅकअप म्हणजे फाईलची दुसरीकडे ठेवलेली प्रत. कांताबाईंनी कपाटातून एक फ्लॉपी आणि एक वही काढली. पहिल्या रजिस्टरची फाईल फ्लॉपीवर मावली होती. दुसऱ्याच्या वेळी जागा शिल्लक नाही असा मेसेज आला. त्यांनी तो वहीत तारखेसह लिहून ठेवला होता. खाली लिहिलं होतं, साहेबांना विचारणे. साहेब म्हणजे मी. मधल्या काळात मी एकदा शाळेत येऊन गेलो होतो, चहा घेतला होता, मशीन चालतंय का विचारलं होतं. वही बघितली नव्हती.

"परत टाइप करावं लागेल," मी म्हणालो.

मग सरांनी सांगितलं की मोईनसाबना आता दिसत नाही. एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत होते, अजून पिकला नाही, थांबा. ऑपरेशन झालं तरी किती दिसेल त्याची खात्री नाही.

सर खुर्चीत बसले. आवाज न चढवता म्हणाले, "त्या रजिस्टरात आमच्या वस्तीतली तीनच नावं हायत. सगळ्या निजामाच्या काळात मिळून तीन. एक माझ्या चुलत्याचं हाय. तेवढी तरी राहू द्या."

मी फ्लॉपी बाहेर काढली आणि मशीन बंद केलं. कुणी हात लावू नका, म्हणालो. मला काही सुचत नव्हतं, हे खरं कारण. सरांनी मला दारापर्यंत सोडलं. म्हणाले, "लाईटीचं लय वर-खाली व्हायलंय. त्यानंच गेलं असंल."

मी मान हलवली. असेल, म्हणालो.

परभणीला एका इंजिनियरकडे व्हायरस तपासायचा प्रोग्रॅम होता. व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम बनवलेला छोटा प्रोग्रॅम, जो एका फ्लॉपीतून दुसऱ्या मशीनमध्ये शिरतो. तोपर्यंत मी त्याबद्दल फक्त वाचलं होतं. त्याच्याकडे माझी फ्लॉपी तपासली. तिच्यात दोन व्हायरस निघाले. दोन्ही हार्डडिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात, म्हणजे सेक्टरमध्ये बसणारे. त्या सेक्टरमध्ये डिस्कचा नकाशा असतो. पहिला व्हायरस मूळ नकाशा उचलून बाजूला ठेवतो. दुसरा आला की तोही त्याच जागेवर आपलं सामान ठेवतो आणि मूळ नकाशा जातो. मग डिस्क असून नसल्यासारखी.

लाईटीचा काही संबंध नव्हता. शाळेत तो आजार मीच नेला होता, स्वतःच्या खिशातून. चहा घेतला त्याच दिवशी एक गेम दाखवायला मी त्या फ्लॉपीनंच मशीन सुरू केलं होतं.

त्या आठवड्यात मी सोनपेठला गेलो नाही. दोनदा बसस्टँडवर जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा सर वर्गावर होते. तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभा राहिलो. ते आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी एकच विचारलं.

"तुमी आमाला दिलं ते डॉस खरं होतं का?"

"नव्हतं, सर. नक्कल होती."

"मग आता खरं आणा. आधी ते आणा, मग मशीनला हात लावा."

औरंगाबादच्या डीलरला मी ओरिजिनल डॉस मागितलं. त्याला वाटलं, मी कुठल्या सरकारी ऑफिससाठी घेतोय. परभणीकडून अशी मागणी त्याला पहिलीच. त्यानं पुण्याहून मागवलं. मधे नामांतरावरून एक बंद झाला, एसटी दोन दिवस उभ्या राहिल्या. पार्सल अठराव्या दिवशी हातात पडलं. खर्च माझा, हे मी सरांना आधीच सांगितलं होतं.

खोका उघडला. आत जाड पुस्तक, एक कायदेशीर कागद आणि सीलबंद पाकिटात फ्लॉप्या. त्या फ्लॉप्यांच्या कडेला लिहिण्यासाठीची खाच नव्हती. खाच नसली की मशीन त्या फ्लॉपीवर काही लिहू शकत नाही, त्यामुळे व्हायरसही शिरत नाही. इतक्या वर्षांत मी डॉसचं पुस्तक पहिल्यांदा पाहिलं. तीन दिवस तेच वाचलं. ज्या कमांड मी मंत्रासारख्या म्हणत होतो, त्या काय करतात ते तेव्हा कळलं.

त्यातूनच एक वाट दिसली. शाळेसारखंच, त्याच कंपनीचं, तितक्याच क्षमतेच्या डिस्कचं एक मशीन मी गंगाखेडच्या एका औषधांच्या दुकानात बसवलं होतं. त्याची डिस्क मीच सारख्या पद्धतीनं आखली होती. म्हणजे दोन्हींचा नकाशा सारखा असायला हवा. दुकानदाराची परवानगी घेतली. मशीन तपासलं, ते स्वच्छ निघालं. डॉसमध्येच एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो डिस्कवरचा एकेक सेक्टर थेट वाचतो आणि लिहितो. त्या प्रोग्रॅमनं मी तिथला पहिला सेक्टर कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतला, फ्लॉपी वहीच्या पुठ्ठ्यांत बांधली आणि तसाच सोनपेठची गाडी धरली.

शाळेत सर, कांताबाई आणि मोईनसाब बसले होते. मोईनसाबना पुतण्यानं हाताला धरून आणून सोडलं होतं. मी नव्या फ्लॉपीनं मशीन सुरू केलं. आधी शाळेच्या डिस्कचा बिघडलेला सेक्टरही जपून ठेवला. चुकलो तर निदान आहे तिथं परत येता यावं. मग गंगाखेडचा सेक्टर त्या जागी लिहिला. मशीन बंद केलं, पुन्हा नव्या फ्लॉपीनंच सुरू केलं.

सी ड्राइव्ह उघडला. तीन फायली दिसल्या.

मी लगेच डॉस चढवलं नाही. तिन्ही फायली आधी वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर घेतल्या, दोन-दोन प्रती. मग सी ड्राइव्हवर नवं डॉस बसवलं. त्याला वीस मिनिटंही लागली नाहीत. आता मशीन फ्लॉपीशिवाय सुरू झालं.

मोईनसाब म्हणाले, "मला तर दिसंना. तुमी वाचा, मी ऐकतो."

कांताबाई वाचू लागल्या. नाव, बापाचं नाव, तारीख. मोईनसाब मान हलवत होते. मधेच थांबवून म्हणाले, याचा बाप कोष्टी होता, त्याला मी पाहिलाय. तिसऱ्या रजिस्टरच्या मधल्या भागात मात्र पडद्यावर नुसती चिन्हं उमटली. तेवढा तुकडा खराब झाला होता. सत्तर-एक नावं. वस्तीतली दोन नावं शाबूत होती. सरांच्या चुलत्याचं त्या सत्तरात होतं.

सरांनी उठून कपाटातलं मूळ रजिस्टर काढलं, ते पान शोधलं, त्यात कागदाचा तुकडा खुणेला ठेवला आणि परत ठेवून दिलं.

मोईनसाबचं ऑपरेशन पाच महिन्यांनी परभणीला झालं. जाड भिंगाच्या चष्म्यातून थोडं दिसायला लागलं. ते शाळेत आले आणि खुणेच्या पानापासून सुरू करा म्हणाले. सत्तर नावांना आठ दिवस लागले. मी एक दिवस जाऊन बसलो होतो. सरांच्या चुलत्याची जन्मतारीख फसली सनाच्या तीर महिन्यातली निघाली. सरांनी ती दोनदा वाचून घेतली. घरात आजवर कुणाला ती माहीत नव्हती, पहिल्या वेळी आपणही नुसतं नाव ऐकलं होतं, म्हणाले.

बाकीच्या दहा ठिकाणी मी स्वतः गेलो. तुमचं डॉस नक्कल आहे, त्यात व्हायरस असू शकतो, असं सांगितलं. चार मशीनमध्ये तो निघाला. तिघांनी माझ्याकडे येणं बंद केलं. एक जण हसला, चालतंय ना मग राहू द्या, म्हणाला. ओरिजिनल फक्त दोघांनी घेतलं. औषधवाला त्यातला एक.

पुढं वीस वर्षं हा धंदा केला. बिघाडाचं कारण म्हणून लाईट पुढं करणं फार सोपं असतं, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईकच ते आपल्या हातात देतं. दुरुस्तीला जाताना आपण सोबत काय घेऊन चाललो आहोत, ते आधी तपासावं. आणि गिऱ्हाईकाची वही मागून वाचावी. चहा नंतर घेतला तरी चालतो.