लोणारच्या काठावर हळदीचं कुंकू

मैत्रिणींनो, तुमचे कोकणातले फोटो सकाळपासून पाहतेय. समुद्र, किल्ला आणि जोडीजोडीने उभ्या तुम्ही. सहल फक्त जोडप्यांची होती, हे मला फोटोंवरूनच कळलं.

मग मीही दुसरबीडहून एसटी धरली आणि एकटीच लोणारला गेले. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. समुद्र पाहायचा त्यांचा राहूनच गेला. म्हटलं, सरोवराचं पाणीही खारटच आहे, तेवढंच.

खाली उतरून काठावरची जुनी देवळं पाहिली. कोरीव खांबांवरून हात फिरवला, पण "हे बघा ना" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

देवीच्या देवळापाशी वरवट बकालच्या एक आजी भेटल्या. त्यांनी तळहातावर हळद घेतली आणि त्यावर सरोवराचं पाणी शिंपडलं. त्या पाण्यातल्या क्षाराने हळद बघता बघता कुंकवासारखी लाल झाली.

"टिकली पडली वाटते तुही," म्हणत त्यांनी ती माझ्या कपाळाला लावलीसुद्धा. उन्हामुळे गळ्याला स्कार्फ गुंडाळला होता, आत मंगळसूत्र नाही हे त्यांना काय कळणार?

"मालक नाई आले संगं?"

"कोकणात गेलेत," माझ्या तोंडून निघून गेलं. "समुद्र पाहाले."

"मंग तुले काऊन नाई नेलं?"

एसटीची वेळ झाली म्हणत मी निघाले.

घरी येऊन दोन तास झाले, कपाळ अजून धुतलेलं नाही. आजींचा प्रश्न तेवढा तुमच्याकडे पाठवते.

काऊन नाई नेलं बायांनो मले?