कागदावर नसलेली खोली

देवीने माझं काम बिघडवलं असं मला त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता वाटलं, आणि मी ते तिला स्पष्ट सांगितलं. मनात सांगितलं, पण शब्द गोड नव्हते. आमचं नातं पहिल्यापासून असंच रोखठोक आहे. सातेरी ही आमच्या गावाची देवी. गावात गुरव तिच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. लग्न, विहीर, जमीन, आमच्याकडे सगळं त्यावर ठरतं. घरच्या माणसाने स्वतः कौल लावायचा नसतो हे मला ठाऊक आहे. पण मी राहते न्यूझीलंडला, हॅमिल्टनच्या रोटोटुनात. इथे गुरव कुठून आणू? देव्हाऱ्यात सातेरीचा चांदीचा लहानसा मुखवटा आहे, त्याच्या दोन गालांना मीच पाकळ्या लावते. चूक असेल तर माझी. इतक्या वर्षांत तिने तक्रार केलेली नाही.

अडचण माझ्या मुलाच्या घरातली होती. तो इंजिनिअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीवर काम करतो. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. त्याचा संसार मोडला. दोष कुणाचा ते मी इथे लिहीत नाही, पण विचारलंत तर जास्त माझ्या मुलाचाच आहे. सून मनीषा, माझ्या तोंडी ती अजून सूनच आहे, मुलीला घेऊन ऑकलंडला गेली. ती मुलगी रेवा, माझी नात, आता अकरा वर्षांची. माझ्या मुलाने दोनदा तिला भेटायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा गेला नाही. पहिल्या वेळी पोर बागेतल्या बाकावर दोन तास बसून राहिली. दुसऱ्या वेळी तिने नवे कपडे घातले होते. त्यानंतर तिने आमच्या बाजूच्या कुणाशीच बोलणं बंद केलं. बापाचं केलेलं आजीच्याही खात्यात आलं. मी दोन वर्षं तिचा आवाज ऐकला नव्हता.

जुलैच्या सुट्टीत मीच मनीषाला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुम्हाला नाही म्हणवत नाही. शनिवारी सकाळी दहाला थीम पार्कच्या गेटवर या. ती अजून हो म्हणालेली नाही, पण मी आणते. एकच सांगते, या वेळी तुम्ही दिसला नाहीत तर पुन्हा विचारू नका. ती दोन दोन दिवस जेवत नाही हो."

मी म्हटलं, "मी येते म्हटलं की येते."

हॅमिल्टनहून सकाळच्या बसने दहापर्यंत पोचता येतं, पण बस उशिरा आली तर? म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन पार्कजवळ एक रात्र राहायचं ठरवलं. एकटीने. मुलाला काळजी वाटली, ते ठीक आहे. त्याने कामावर जाण्याआधी तीन हॉटेलांची नावं कागदावर लिहून फ्रीजला लावली. मी चौथी शिकलेली असले तरी माणसाला सुरक्षित झोपायला काय लागतं ते मला कळतं. खोलीचं दार बाहेर रस्त्याकडे उघडू नये, आतल्या बोळात उघडावं. खाली चोवीस तास कुणीतरी बसलेलं असावं. दाराला आतून कडी हवी. रस्त्याला दिवे हवेत, आणि गेट चालत गाठता यावं. या हिशोबाने तिन्ही ठिकाणं बरी दिसत होती. तरी मी कौल लावला. पहिल्या हॉटेलाला डावी पाकळी पडली. दुसऱ्याला डावी. तिसऱ्याला तर पाकळी मी हात काढायच्या आत पडली, तीही डावी.

मला राग आला. मी तिला म्हटलं, तू कधी हॉटेलात राहिली आहेस? आणि पहिलं, सहा मजली हॉटेल मीच निवडलं. मुलाने तिकडून त्याच्या कार्डावर बुकिंग केलं.

आता एक कबुली. हॉटेल विचारलं, बसची वेळ विचारली, खोबऱ्याच्या वड्या न्याव्या की लाडू हेही विचारलं. पण रेवा येईल का, हे मी विचारलं नाही. तीन दिवस पाकळ्या हातात होत्या आणि तो प्रश्न मी तोंडातून काढला नाही. डावी पडली असती तर मी घराबाहेर पाऊल टाकलं नसतं. मला लोक धीट समजतात. ते अर्धंच खरं आहे.

शुक्रवारी दुपारी हॉटेलात पोचले. काउंटरवरची मुलगी नम्र होती. तिने कार्ड मागितलं. मी म्हटलं, माझ्या मुलाने केलंय बुकिंग. ती म्हणाली, ज्याच्या नावाचं कार्ड तो माणूस समोर हवा, नाहीतर तुमच्या नावाचं दुसरं कार्ड हवं. माझ्या नावाचं कार्ड नाही, मी रोख पैसे वापरते. रोख चालत नव्हते. मुलाला फोन लावला तर लागेना, कारण त्याची पाळी चालू होती आणि तो जमिनीखाली होता. मुलीने दोनदा सॉरी म्हटलं, मला पाणी दिलं, आणि नियम काही वाकवला नाही. मी तिला दोष देत नाही. रोज येणाऱ्या प्रत्येक म्हातारीसाठी नियम वाकवला तर नियम कशाला हवा.

साडेपाचला हॅमिल्टनची बस होती. ती पकडली असती तर मी आपल्या पलंगावर झोपले असते, पण सकाळची बस उशिरा आली असती तर नात कायमची गेली असती. म्हणून परत जायचं नाही एवढं पक्कं होतं. कुठे राहायचं ते काही सुचत नव्हतं. तिथल्या मऊ खुर्चीवर बसून मी सातेरीशी भांडले. तिने तीनदा नाही म्हटलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, ते मान्य. पण हे नाही तर कुठलं, ते सांगायला काय झालं होतं? भांडता भांडता माझ्याच लक्षात आलं की मी तिला फक्त कागदावरचं विचारलं होतं. माझा कागद तीन ओळींचा, आणि तेवढ्यातूनच तिने उत्तर द्यावं हा माझा हट्ट. मग मी एक गोष्ट केली जी आयुष्यात कधी केली नव्हती. मी प्रश्न सोडून दिला. म्हटलं, बाई, आता मी विचारत नाही. ठेवायचं तिथे ठेव. सकाळी मला त्या गेटवर उभी कर, बाकी तुझं तू बघ.

एवढं बोलून मी पिशवी उचलली आणि निदान गेट तरी पाहून ठेवावं म्हणून चालू लागले. डोक्यात कसलीही योजना नव्हती. पार्कच्या मागच्या गल्लीत एक जुनं, बैठं मोटेल होतं. त्याच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझ्याच वयाची एक बाई मेथी निवडत बसली होती. पायात मोजे, त्यावर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. तिने मान वर करून विचारलं, "किसको ढूँढती हो, बहन?"

"किसी को नहीं. हॉटलवालों ने निकाल दिया."

"क्यों, चोरी की?"

"कार्ड नहीं है."

"मेरे पास भी नहीं है. सब बेटे के पास है," ती म्हणाली आणि मेथीची जुडी बाजूला ठेवून उठली.

तिचं नाव कांताबेन. मोटेल तिच्या मुलाचं, पण चालवते ती. तिने मला खोली दाखवली. तिथली दारं अंगणात उघडत होती, म्हणजे माझा पहिलाच नियम मोडला. मी कडी लावून पाहिली, खिडकीची खिटी ओढून पाहिली, बाहेरचा दिवा लावायला लावला, शेजारच्या खोलीत कोण उतरलंय ते विचारलं. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "पुलिस में थी क्या?"

"नहीं. अकेली हूँ."

यावर ती थट्टा विसरली. तिने मला दुसरी खोली दिली, तिच्या स्वयंपाकघराला लागून. मधल्या भिंतीत एक दार होतं, त्याची किल्ली तिने माझ्या हातात ठेवली. कार्पेट विटलेलं होतं, नळ गळत होता, पण त्या भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. माझ्या कागदावरच्या कुठल्याच हॉटेलात ती सोय नव्हती.

तिने खिचडी आणि मेथीची भाजी वाढली. जेवताना सांगितलं की रोज त्या वेळी ती देवळात असते. त्या दिवशी सुनेच्या गाडीचं टायर बसलं म्हणून घरी राहिली आणि चिडून मेथी घेऊन बाहेर बसली होती. मग तिने विचारलं, कशासाठी आलीस. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, सांत्वन करेल. ती म्हणाली, "बाप दो बार नहीं आया, अब दादी आके क्या कर लेगी?"

हा प्रश्न गेले तीन दिवस मीच टाळत होते, आणि तो एका परक्या बाईने खिचडी वाढता वाढता विचारला. मी म्हटलं, "मालूम नहीं. दस बजे जाऊँगी, खड़ी रहूँगी."

"दस बजे नहीं," ती म्हणाली. "नौ बजे जा. अंदर की तरफ नहीं, रास्ते पर खड़ी रह. बच्चे गाड़ी में से ही देख लेते हैं कौन आया, कौन नहीं."

मी वाद घातला नाही. हेही माझ्या आयुष्यात नवीनच.

शनिवारी सकाळी धुकं होतं आणि थंडी हाडात शिरत होती. नऊला पाच मिनिटं असताना मी पार्कच्या फाटकाबाहेर, अगदी फुटपाथच्या कडेला जाऊन उभी राहिले. गेटवरचा उंच माओरी माणूस "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणाला आणि दहाला उघडतं असं त्याने दोनदा बजावलं. मी दोनदा म्हटलं, आय नो. त्याने आत बसायला सांगितलं, मी नाही म्हटलं. एक पांढरी गाडी हळू होऊन पुढे गेली. थोड्या वेळाने तीच गाडी उलट बाजूने आली आणि पुन्हा गेली. पत्ता शोधत असतील, असं मला वाटलं. तिसऱ्यांदा ती माझ्यासमोर थांबली. मागचं दार उघडलं आणि माझ्या खांद्याला लागेल एवढी एक मुलगी उतरली. मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं. ती माझी आहे.

"आजी, हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?"

"नऊपासून."

"बट इट ओपन्स ॲट टेन."

"माहीत आहे."

तिने मिठी वगैरे मारली नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "युअर हँड्स आर फ्रीझिंग." मग आपले हातमोजे काढून मला दिले.

ती पाळण्यात वर गेली तेव्हा खाली बाकावर मनीषाने मला सांगितलं. मी कुठल्याही पाळण्यात बसले नाही, हेही नोंदवते. मनीषा म्हणाली, "आई, तिने मला सांगितलं होतं, दहाला जायचंच नाही. सव्वानऊला गाडीतून बघू. आजी आधीच उभी असली तर उतरेन, नाहीतर घरी. मी म्हटलं, अगं, दहा ठरलंय. तर म्हणाली, डॅडसुद्धा टाइम ठरवायचे."

सहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत मला झोप छान लागली असती. मी सकाळी अंघोळ करून, चहा घेऊन, दहाला पाच मिनिटं कमी असताना खाली उतरले असते. वेळेवर, आणि पोरीच्या हिशोबाने उशिरा. गाडी तोवर घरी पोचली असती, आणि मी गेटवर दिवसभर उभी राहून तिला कोडगी ठरवलं असतं.

लोक विचारतात, हा चमत्कार आहे का. टायर पंक्चर होतात, मोटेलं गुजराती लोकांची असतात, मुलं हुशार असतात. मला त्यावर भांडायचं नाही. मला इतकंच कळलं की ज्या गोष्टी मी सांभाळत होते, कडी, दिवा, आतला बोळ, त्या सांभाळायलाच हव्यात आणि पुढेही सांभाळीन. पण त्या सगळ्या नीट करूनही मी नात गमावली असती. जे माझ्या हातात नव्हतं ते मी खुर्चीवर बसून सोडलं, तेव्हा कुठे ते कुणीतरी हातात घेतलं. देवीने मला हॉटेल दाखवलं असं मी म्हणणार नाही. तिने मला एक तास आधी उभी केली, एवढं मात्र म्हणते, आणि त्यासाठी मी रोज तिच्यापुढे हात जोडते.

हातमोजे मी परत द्यायला लागले तर रेवा म्हणाली, "कीप देम. ब्रिंग देम नेक्स्ट टाइम."