आईला बसवशील का यावर?

शिकवण्याचं काम करणाऱ्या मंडळींनो, आजचीच गोष्ट आहे.

आमची सून सुजाता नेरळला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात नव्या बायकांना काम शिकवते. काल तिनं पन्नाशीच्या मंदाताईंनी शिवलेल्या फ्रॉकमधली चूक सगळ्यांसमोर काढली. जेवणाच्या सुट्टीत मंदाताई डबा तिथंच टाकून घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. सुजाता घरी आली ती चेहरा पाडूनच.

मग मी तिला माझ्या उस्तादांचं सांगितलं. ऐंशी सालच्या सुमारास मी साजगावच्या एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकत होतो. आम्ही सगळे शेतावरून आलेले, लग्न झालेले बाप्ये. आरडाओरडा ऐकून घेणारे नव्हतोच. मी केलेलं लोखंडी स्टूल उस्तादांनी नुसतं माझ्यापुढं ठेवलं.

"आईला बसवशील का रं यावर?"

मी स्टूल हलवून पाहिलं, ते डुगडुगलं, आणि मी जोड पुन्हा मारला.

आज मंदाताई आपला डबा न्यायला कारखान्यात आल्या. सुजातानं कालचाच फ्रॉक त्यांच्या हातात दिला. "ताई, तुमच्या नातीला घालाल का हा?"

त्यांनी फ्रॉक उलटा केला, काखेतली शिवण ताणून पाहिली. "नाय गं. खेळताना उसवंल. कातर दे."

आणि त्या मशीनवर बसल्या.

सुजाता आत्ताच सांगत होती, दुपारी मंदाताई शेजारच्या बाईला विचारत होत्या, "तुझ्या पोरीला घालशील का गं हा?"

तुमच्याकडं चूक कोण शोधतं, शिकवणारा की शिकणारा?