टिळ्याची टोपी

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते.

नांदेडला मी घरीच ब्लाउज शिवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगा. तो नोकरी करतो आणि मित्रांबरोबर नाटकं बसवतो. त्यातला एक मित्र रोज आमच्याकडेच जेवायचा. ताट धुऊन ठेवायचा, मला मावशी म्हणायचा.

गेल्या साली रेणापूरच्या एका घरानं मुलाला टिळा लावला. टॉवेल-टोपी, नारळ, आणि गाडीसाठी म्हणून साठ हजार रुपये पोरीच्या बापानं माझ्या हातात दिले. घ्यायला नको होते. घेतले. मुलगा मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, लाजतोय, माझ्यावर गेलाय. टोपी त्याला घट्ट झाली, म्हणून मी ती मागून उसवून पट्टी जोडली. पांढरं कापड संपलं होतं, ब्लाउजच्या अस्तराचं पिवळं लावलं.

नंतर त्यानं नवं नाटक लिहिलं. दोन मुलं एका खोलीत राहतात. त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. एकाला टिळा लावायला पाहुणे येतात, तर तो पळून न्हाणीत लपतो. पाहुण्यांनी नवरदेव कधी पाहिलेलाच नसतो. दिसेल त्याला टिळा लावत सुटतात. मीटर बघायला आलेल्या माणसाला लावतात, घरमालकाला लावतात. ज्याच्या हातात नारळ तो जावई, आणि एकदा दिलेला नारळ परत घ्यायचा नाही, यावरून सगळा गोंधळ. शेवटी दोघं मित्र टोप्या घालून शेजारी उभे, आणि अधू डोळ्यांचा मामा दोघांवरच अक्षता टाकून मोकळा होतो.

घरात तालीम चालायची तेव्हा मी मशीनवर असायची. अर्धं ऐकू यायचं, अर्धं नाही. नाटकच आहे, असं म्हणून सोडून द्यायची.

लातूरला प्रयोग होता. जावयाचं कौतुक बघायला या, असा निरोप मीच रेणापूरला दिला. पोरीचा बाप आला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि सगळ्यात जास्त तोच हसला.

"इहीणबाई, काय पोरगं हाय तुमचं! पोट दुखायलंय माझं!"

मीही पदर तोंडाला लावून हसत होते. तेवढ्यात शेवटचा प्रवेश आला. मित्र पाठमोरा वळला आणि त्याच्या टोपीला मला पिवळी पट्टी दिसली. माझा मुलगा त्याच्याकडे बघत होता. टिळ्याच्या दिवशी ज्यानं मान वर केली नव्हती, तो टक लावून बघत होता. लोक टाळ्या वाजवत होते. माझं हसू तिथंच थांबलं.

प्रयोग संपल्यावर मी मागच्या बाजूला गेले. मित्र टॉवेलाची घडी घालत होता. मला बघून बाहेर गेला. मुलगा एकटाच राहिला.

"टोपी त्याला का घातलीस?"

"तू बघावीस म्हणून." मग म्हणाला, "टिळ्याच्या दिवशी सांगणार होतो, आई. तू लई खुश होतीस."

"आता पत्रिका छापायला टाकायलेत ते."

"म्हणूनच. त्या पोरीचं वाटोळं नको."

मला रडू आलं नाही. दिवसभराच्या प्रवासानं पाय भरून आले होते. तिथल्या पेटीवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं जेवलात का?"

चार दिवसांनी मी एकटीच एसटीनं रेणापूरला गेले. पोरीच्या बापाला हे लग्न होणार नाही असं सांगितलं.

"काय खोट हाय माझ्या पोरीत?"

"काही नाही."

"मंग पोरात हाय?"

"नाही. टिळा घेतला ही चूक माझी."

"नारळ दिल्यावर कुनी माघारी येतंय व्हय!" बाप ओरडत राहिला, मी ऐकत राहिले. दारामागं पोरगी उभी होती. तिच्याकडे बघवलं नाही.

टिळ्याच्या पैशांतून घेतलेली गाडी विकून निम्म्याच्या वर पैसे आले. बाकीचे मुलगा देतो म्हणाला, पण हात मी पसरला होता. लग्नसराईत रात्रीचा दिवस करून ब्लाउज शिवले. डोळ्यांचा नंबर वाढला. थोडे थोडे नेऊन देत राहिले. तो मित्र अजून जेवायला येतो. आता मी त्याचं ताट न विचारता वाढते.

परवा शेवटचे चार हजार घेऊन गेले. पोरीचं लग्न दुसरीकडे ठरलं होतं. चहा आला. बाप म्हणाला, "एक इचारू? त्या नाटकातलंच व्हतं व्हय?"

मी कप खाली ठेवला. विचारलं तर खरं सांगू का, हे मुलाला विचारून आले होते. "हाव," म्हणाले.

 बाप म्हणाला, "आन मी लई हसलो व्हतो."

मी पैसे पुढे केले. तसेच खिशात घालत होता, मी म्हणाले, मोजून घ्या. त्यानं मोजले.

"फिटले सगळे," तो म्हणाला.